एकट्या घरांतील औषधांचा डबा

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांचीं घरें दोन असतात. एक आईबापांचें, दुसरें, दोन गल्ल्या सोडून किंवा शेजारच्या खेड्यांत, आजीचें अथवा आजोबांचें. थोरला मुलगा नागपुरास नोकरीवर, धाकटा खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत अथवा कन्हानकडील कोळशाच्या खाणीवर, मुलगी सासरीं, आणि जुन्या कौलारू घरांत एकटें म्हातारें माणूस, हें दृश्य पारशिवनींत व आसपासच्या गांवांत आतां कोणास नवलाचें वाटत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील दर शंभर माणसांत साठ वर्षें उलटलेलीं सुमारें दहा माणसें आढळलीं. साऱ्या भारताचें प्रमाण त्याहून कमी, साडेआठांच्या आसपास होतें. माणसें अधिक जगूं लागलीं ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु अधिक जगणाऱ्या माणसाच्या उशाशीं औषधेंही अधिक असतात. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, गुडघ्यांची गोळी, झोपेची गोळी, आणि या सर्वांमुळें पोटांत जळजळ होऊं नये म्हणून आणखी एक गोळी!

औषध न मिळाल्यानें होणारे अनर्थ सर्वांस ठाऊक आहेत. औषध घरांत भरपूर असून होणाऱ्या अनर्थांकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि या लेखांत आम्ही त्यांविषयींच लिहिणार आहों.

आम्हीं असे कांहीं डबे उघडून पाहिले आहेत. डबा बहुधा बिस्किटांचा, पत्र्याचा. नाहीं तर खुंटीला अडकविलेली कापडी पिशवी. आंत काय असतें? कात्रीनें कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे, ज्यांवर ना नांव उरलें ना तारीख. वर्तमानपत्राच्या पुडींत बांधलेल्या चार पांढऱ्या गोळ्या. गेल्या दिवाळींत उघडलेली, डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची कुपी, जी उघडल्यापासून महिन्याभरांत फेंकून द्यावयास हवी होती. अर्धें प्यालेलें खोकल्याचें औषध. आणि कित्येक ठिकाणीं दिवंगत आजोबांच्या गोळ्या, ज्या टाकून देण्यास आजीचा हात धजत नाहीं. यांतून घ्यावयाची ती गोळी आजी निवडते रंगावरून. सकाळची तांबडी व चपटी, रात्रीची पांढरी व बारीक. ही खूण हंसण्याजोगी नव्हे. अक्षरओळख नसलेल्या माणसानें हजार अडचणींतून शोधून काढलेली ती वाट आहे. पण कारखाना बदलला कीं गोळीचा रंग बदलतो, आकार बदलतो, आणि वर्षानुवर्षें बरोबर चालत आलेली खूण एका दिवसांत खोटी ठरते.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र रंगाचा नसून नांवांचा असतो. प्रत्येक औषधास दोन नांवें असतात: एक त्यांतील मूळ द्रव्याचें, आणि दुसरें कारखानदारानें आपल्या मालास ठेविलेलें व्यापारी नांव, जें कारखान्यागणिक निराळें. रक्तदाबावर सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपीन ही गोळी घ्या. ती कितीतरी व्यापारी नांवांनीं विकली जाते. समजा, आजीबाईंनीं नागपूरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती एका नांवानें आणली. महिन्याभरानें त्यांनीं गांवांतच प्रकृति दाखविली; रक्तदाब वाढलेला दिसला; नागपूरचा कागद घरीं राहिला होता; आणि तेथें तीच गोळी दुसऱ्या नांवानें मिळाली. आतां आजीबाई दोन्ही गोळ्या श्रद्धेनें घेतात. कांहीं दिवसांनीं त्यांचे पाय सुजतात, पहांटे उठतांना भोंवळ येते, आणि एखादे दिवशीं न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडून मांडीचें हाड मोडतें. लोक म्हणतात, म्हातारपण! वस्तुतः तें म्हातारपण नव्हे, एकाच औषधाची दुप्पट मात्रा होय.

सरकारची जन औषधीची योजना २००८ सालीं निघाली. त्या दुकानांतून औषधें मूळ नांवानें व पुष्कळ स्वस्त मिळतात. गरीब घरास हा मोठा आधार असून त्याचा लाभ अवश्य घ्यावा; मात्र स्वस्त गोळी आणली कीं त्याच द्रव्याची जुनी, महाग पट्टी डब्यांतून त्याच दिवशीं काढावी. दोन्ही राहिल्या कीं दोन्ही पोटांत जातात. २०१६ सालीं भारतीय वैद्यक परिषदेनें डॉक्टरांसाठीं असा नियम केला कीं, औषधांचीं मूळ नांवें सुवाच्य, आणि शक्यतों मोठ्या छापील अक्षरांत लिहावीं. चिठ्ठी लागली नाहीं तर तेथल्या तेथें विचारण्यांत संकोच कसला? विचारणाऱ्यास अडाणी समजण्याची आपल्याकडील रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

येथें आमच्या विद्यार्थ्यांचें काम येतें. पट्टीवरील मजकूर बहुतेक इंग्रजींत व मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असतो. आजीस तो वाचतां येत नाहीं. आठवीच्या मुलास येतो. मुलांनो, पट्टी हातांत घेऊन ती पाठ्यपुस्तकाप्रमाणें वाचा. व्यापारी नांवाजवळच मूळ द्रव्याचें नांव छापलेलें सांपडेल. तें कागदावर उतरून घ्या. त्यापुढें मिलिग्रॅमचा आंकडा असतो. पांच व दहा यांत आजीच्या दृष्टीनें फरक किरकोळ, शरीराच्या दृष्टीनें दुपटीचा. सर्व पट्ट्यांचीं मूळ नांवें उतरून झालीं कीं एकच नांव दोनदां आलें आहे काय तें पाहा. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी निरनिराळ्या म्हणून घेतल्या जातात, आणि दोहोंतही पॅरासिटामोल असतें. त्याची मात्रा मर्यादेबाहेर गेली तर यकृतास इजा होते. पाठीमागें तांबडी उभी रेघ असली तर तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नव्हे. ही रेघ लोकांस ओळखतां यावी म्हणून केंद्र सरकारनें २०१६ सालीं मोठी मोहीम काढली होती. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशें प्रमुख व्यापारी नांवांच्या औषधांवर एक चौकोनी ठिपक्यांची खूण छापणें सक्तीचें झालें. ती मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढें धरली असतां मूळ नांव व मुदत मोठ्या अक्षरांत वाचतां येते.

मुदतीविषयीं एक बारीक गोष्ट सांगून ठेवतों. नुसता महिना व वर्ष छापलेलें असल्यास त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध चालतें. ही तारीख पट्टीच्या एका टोंकास असते. म्हणून गोळ्या काढावयास दुसऱ्या टोंकापासून सुरुवात करावी. तारीख शेवटच्या गोळीपर्यंत शाबूत राहते. दुकानदार पट्टी कापून देत असेल तर तारखेचा भाग मागून घ्यावा, आणि तो न मिळाल्यास तेथेंच कागदावर लिहून घ्यावी.

चिठ्ठीवरील खुणा ही आणखी एक कोडीं घालणारी लिपि. त्या लॅटिन भाषेंतील शब्दांचीं आद्याक्षरें आहेत. ओ.डी. म्हणजे दिवसांतून एकदां, बी.डी. म्हणजे दोनदां, टी.डी.एस. म्हणजे तीनदां, एच.एस. म्हणजे निजतेवेळीं, आणि एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. या शेवटच्या खुणेची गोळी रोज नेमानें घेणारे वृद्ध आम्हांस माहीत आहेत. डॉक्टर १-०-१ असेंही लिहितात. त्याचा अर्थ सकाळीं एक, दुपारीं नाहीं, रात्रीं एक. आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची गोळी तर विशेष जपण्याजोगी. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट अशी आहे. ती चुकून रोज घेतल्यानें शरीरांत नवें रक्त तयार होणें खुंटून माणसें दगावल्याचीं उदाहरणें देशोदेशीं नोंदलेलीं आहेत. अशा गोळीपुढें 'आठवड्यास एक' इतकें लिहून भागत नाहीं. 'फक्त सोमवारीं' असें वाराचें नांव घालावें. हा प्रश्न एकट्या आपल्या तालुक्याचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्व राष्ट्रांस असें आवाहन केलें होतें कीं, औषधांमुळें होणारी गंभीर व टाळतां येण्याजोगी हानि पांच वर्षांत निम्म्यावर आणावी.

आतां वृद्धांसच एवढी चिंता कां, तें पाहूं. पोटांत गेलेलें औषध शरीरांत कायमचें राहत नाहीं. यकृत त्याचें रूप पालटतें व मूत्रपिंडें तें लघवीवाटे बाहेर टाकतात. वयाबरोबर हीं दोन्ही कामें मंदावतात. तरुणाच्या अंगांतून जें औषध दिवसभरांत निघून जातें, तें वृद्धाच्या रक्तांत रेंगाळतें, आणि त्यावर दुसऱ्या दिवशींची मात्रा येऊन पडते. अमेरिकेंतील डॉक्टर मार्क बीअर्स यांनीं १९९१ सालीं, वृद्धाश्रमांतील रहिवाशांस शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची एक यादी प्रसिद्ध केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या अजून निघत असतात. मधुमेहावरील ग्लायबेनक्लामाइड ही आपल्याकडे पुष्कळ वर्षें चालत आलेली गोळी पुढें त्या यादींत आली, कारण ती रेंगाळते आणि साखर प्रमाणाबाहेर उतरविते. एवढें वाचून कोणी आपल्या आजोबांची गोळी परभारें बंद करूं नये, डॉक्टरांस विचारावें.

साखर उतरण्याचा धोका एकट्या घरांत सर्वांत अधिक, आणि त्याचें कारण बहुधा उपवास. एकादशी आली, आजीनें अन्न वर्ज्य केलें, पण सकाळची साखरेची गोळी नेमाची म्हणून घेतली. दुपारपर्यंत दरदरून घाम सुटतो, हात कांपतात, बोलणें असंबद्ध होऊं लागतें. शेजारीण म्हणते, आज आजी चिडचिड करतात. ही चिडचिड नव्हे. माणूस शुद्धीवर असून त्यास गिळतां येत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून ताबडतोब द्यावी, व बरें वाटल्यावर जेवूं घालावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींही घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. माणसास कुशीवर वळवून १०८ या क्रमांकास फोन करावा. ही रुग्णवाहिकेची सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून चालू आहे. उपवास धरावयाचाच असेल तर त्या दिवशीं गोळीचें काय करावें, हें आदल्या भेटींत डॉक्टरांस विचारून ठेवणें उत्तम.

गुडघ्यांच्या गोळीविषयीं लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. ती चिठ्ठीशिवाय मागून आणली जाते, दुखणें लगेच थांबतें, आणि म्हणून ती औषधांत कोणी गणीतच नाहीं. डॉक्टरांनीं 'आणखी काय घेतां?' असें विचारलें तरी तिचें नांव निघत नाहीं. यांतील डायक्लोफेनॅक हें द्रव्य पहा. जनावरांस हें टोंचलें असतां, अशा मेलेल्या जनावराचें मांस खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत, आणि देशांतील गिधाडें जवळजवळ नाहींशीं झालीं. म्हणून २००६ सालीं जनावरांसाठीं त्याचा उपयोग बंद करण्यांत आला. आपल्या शेजारच्या पेंचच्या अरण्यांत पिंजऱ्यांत वाढविलेलीं गिधाडें २०२४ सालीं सोडण्यांत आलीं, त्या सोडण्यामागें हा इतिहास आहे. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं थोडे दिवस हें औषध माणसास उपयोगीही पडतें. तथापि रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या, लघवी वाढविणारी गोळी आणि ही वेदनाशामक गोळी अशीं तीन औषधें वृद्धाच्या शरीरांत एकत्र आलीं, वर उन्हाळा असला व पाणी कमी प्यालें गेलें, तर मूत्रपिंडें एकाएकीं बंद पडण्याची भीति असते.

घरगुती औषधांसही हाच न्याय. खोकल्यासाठीं ज्येष्ठमध चघळणें निरुपद्रवी समजलें जातें. रोज पुष्कळ चघळल्यास तें रक्तदाब वाढवितें व रक्तांतील पोटॅशियम कमी करतें. कांहीं सर्दीच्या गोळ्यांनीं तरुणास नुसती झोंप येते. वृद्धास भ्रम होतो, लघवी तुंबते, आणि रात्रीं उठतांना तोल जातो. काढा असो, वैद्याचें चूर्ण असो, वा मेळ्यांतून आणलेली पुडी असो, डॉक्टरांपुढें सर्व मांडावें. लपवावें असें त्यांत कांहीं नाहीं.

असो. आतां आपल्या प्रांताचा खास शत्रु, ऊन. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बहुतेक औषधांवर 'पंचवीस' किंवा 'तीस अंशांखालीं ठेवावें' असें छापलेलें असतें. पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर, चुलीजवळच्या कोनाड्यांत, खिडकींत अथवा ओलसर न्हाणींत ठेविलेलें औषध मुदतीपूर्वींच निकस होऊं शकतें. डबा घरांतील सर्वांत थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं, आणि सुटींत येणाऱ्या नातवंडांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा. साखरेचें कवच असलेली तांबडी गोळी लहान मुलास गोड खाऊ वाटते. इन्सुलिनची न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. पण बर्फाच्या खणांत ती कधींही ठेवूं नये, कारण एकदां गोठलेलें इन्सुलिन निरुपयोगी होतें. वापरांतली कुपी सुमारें चार आठवडे सावलींत, पंचवीस ते तीस अंशांपर्यंत चालते. शीतकपाट नसलेल्या घरीं काय करावें? एका मोठ्या मडक्यांत लहान मडकें ठेवून मधल्या फटींत वाळू भरावी, ती ओली राखावी, आणि कुपी झांकणाच्या डबींत घालून आंतल्या मडक्यांत ठेवावी. पाण्याची वाफ होतांना ती मडक्याची उष्णता घेऊन जाते, हें विज्ञानाच्या तासास शिकविलेलेंच आहे. वैशाखाच्या कोरड्या हवेंत हा उपाय चांगला लागू पडतो. श्रावणांत हवाच दमट असल्यानें कमी. आंत एक तापमापक ठेवला तर विद्यार्थ्यास प्रयोगवहींत लिहावयास मजकूरही मिळेल.

गोळी घेतली कीं नाहीं, हा एकट्या माणसाचा रोजचा प्रश्न. बरोबर कोणी असलें तर तें सांगतें; एकट्यास भिंत सांगत नाहीं. म्हणून भिंतीकडूनच सांगवावें. कालनिर्णय १९७३ पासून आपल्या घरोघरीं टांगलेलें असतें. गोळी गिळल्यावर त्या दिवसाच्या चौकटींत एक फुली करावी. गिळण्यापूर्वीं करूं नये, कारण फुली करून पाणी आणावयास गेलेलें माणूस दारीं आलेल्या पाहुण्याशीं बोलत बसतें. सात वारांच्या सात खणांचा डबा मिळतो, तो अधिक चांगला. रिकामा खण हीच साक्ष. कांहीं गोळ्या मात्र हवा लागली कीं बिघडतात, त्या पट्टींतच ठेवाव्या. कोणत्या, तें औषधाच्या दुकानांत सांगतात. गोळी चुकली तर पुढच्या वेळीं दोन घेऊन भरपाई करूं नये. गोळी मोठी आहे म्हणून कुटून घेण्यापूर्वींही विचारावें. जी गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनविलेली असते, ती कुटली कीं दिवसाची मात्रा एकदम अंगावर येते.

लांब राहणाऱ्या मुलांनीं रोज ठराविक वेळीं फोन करावा हें खरें, पण 'गोळी घेतली का?' या प्रश्नास 'हो' हेंच उत्तर येतें. 'आई, मंगळवारच्या खणांत काय उरलें आहे?' असें विचारावें; मग तिला उठून पाहावें लागतें. आणि जें उत्तर येईल त्यावर रागावूं नये. वृद्ध माणसें गोळी चुकवितात ती पुष्कळदां विसरल्यामुळें नव्हे. महिन्याच्या गोळ्या दीड महिना पुरवाव्या, पोरास खर्च नको, म्हणून तीं अर्धी मोडून घेतात आणि कोणास सांगत नाहींत. रागावलेल्या मुलास तर तीं कधींच सांगणार नाहींत. नातवास मात्र सांगतात, असा आमचा अनुभव आहे. डबा आजीचा आहे, औषधें तिचीं आहेत. तिच्या समक्ष, तिला विचारून, तिच्याच हातानें तो आवरावा. आजोबांच्या गोळ्या बाहेर काढतांना घाई करूं नये. निरुपयोगी ठरलेल्या गोळ्या पट्टींतून काढून राखेंत मिसळाव्या व पुडी बांधून कचऱ्यांत टाकाव्या. गोठ्याकडे वा विहिरीकडे भिरकावूं नयेत.

डबा आवरून झाला कीं यादी लिहावी. एका कागदावर, मोठ्या मराठी अक्षरांत: माणसाचें नांव व वय, प्रत्येक औषधाचें मूळ नांव, कंसांत व्यापारी नांव, किती मिलिग्रॅम, कशासाठीं, केव्हां, जेवणाआधीं कीं नंतर, कोणत्या डॉक्टरांनीं दिलें. काढे व चूर्णें त्यांतच. एखादें औषध पूर्वीं बाधलें असेल तर तें सर्वांत वर, तांबड्या शाईनें. खालीं मुलाचा व शेजाऱ्यांचा फोन. अशा तीन प्रती कराव्या: एक दाराच्या आंतल्या बाजूस, कीं रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या डॉक्टरांस ती शोधावी लागूं नये, एक दवाखान्यांत न्यावयाच्या पिशवींत, आणि एकीचें छायाचित्र नागपुरास किंवा पुण्यास असलेल्या मुलाच्या फोनमध्यें. गांवांतील आशाताईंस ती एकदां दाखवावी. तळाशीं तारीख घालावी. औषध बदललें कीं त्याच दिवशीं नवी यादी लिहून जुनी फाडून टाकावी. खोडाखोड करूं नये, कारण खोडलेलें नांव चष्म्यावांचून शाबूतच दिसतें.